काकूंनी बटणला शिकवलं ते

आमच्या मजल्यावर जिना चढून आलं की पहिलं दार काकूंचं आणि दुसरं माझं. काकूंचं दार दिवसभर उघडंच असायचं, कारण गिऱ्हाइकांची सतत ये-जा असे. काकू नवे कपडे शिवत नसत. दुसऱ्याने शिवलेले, दुकानातून घेतलेले, थोरल्याचे धाकट्याकडे आलेले कपडे त्या अंगाबरोबर बसवून द्यायच्या. पँटची उंची कमी करणं, कोटाची चेन बदलणं, कंबर सैल करणं, हेच त्यांचं काम. खिडकीशी मशीन, मशीनच्या उजव्या हाताला बटणांचा पत्र्याचा डबा, भिंतीला टेकून कपड्यांचे ढीग. "माणसं स्वतः सुटतात आणि म्हणतात, कपडा आटला," असं त्या तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. टाचण्यांमुळे त्यांचं बोलणं अडलेलं मी कधी पाहिलं नाही.

त्यांचे यजमान म्हणजे मीटरकाका. पाणीखात्यात होते. घरोघरी जाऊन पाण्याच्या मीटरचे आकडे घ्यायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या जिन्याखाली आणि मोरीच्या मागे उकिडवं बसून काढली. खिशात एक जुना रुमाल असायचा, मीटरची काच पुसायला. त्या नोकरीत साहेबाचा जाच फारसा नव्हता, पण कुत्र्यांचा होता. काकांच्या दोन्ही पोटऱ्यांवर दातांच्या खुणा होत्या. त्यामुळे कुठल्याही फाटकाशी पोचले की आत पाऊल टाकायच्या आधी ते ओरडायचे, "मीटर! कुत्रा बांधा!" ही सवय इतकी अंगात मुरली होती की लग्न ठरल्यावर पहिल्यांदा काकूंच्या माहेरी गेले, तेव्हाही फाटकातूनच ओरडले, "कुत्रा बांधा!"

"आमच्याकडे कुत्रा नव्हताच गं," काकू सांगायच्या. "माझे वडील बाहेर आले आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, बांधलाय, या."

हे सांगताना काकू दर वेळी हसायच्या आणि काका दर वेळी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरायचे.

निवृत्तीनंतर काही वर्षं बरी गेली. मग काका शब्द विसरायला लागले, माणसं विसरायला लागले. एकदा दुधाची पिशवी आणायला म्हणून गेले ते दुपार झाली तरी आले नाहीत. काकू आणि मी दोन बाजूंना शोधत फिरलो. शेवटी पलीकडच्या रस्त्यावरच्या एका अनोळखी घरात सापडले. जिन्याखाली बसून रुमालाने मीटरची काच पुसत होते. घरमालकीण दारात उभी होती, हातात पाण्याचा पेला घेऊन. बिचारी भली होती. म्हणाली, "मी विचारलं, कोण पाहिजे? तर म्हणाले, आकडा दिसत नाही."

मग हे वरचेवर व्हायला लागलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. दुसऱ्या गावात दिलेली त्यांची लेक धावत आली, चार दिवस राहिली, दाराला आतून वरच्या बाजूला कडी बसवून गेली. काकांचा त्या कडीला हात पुरेना तेव्हा त्यांनी दारावर डोकं टेकून लहान मुलासारखं रडायला सुरुवात केली. "कामावर जायचंय, उशीर होतोय," एवढंच म्हणत होते. काकूंनी दुसऱ्याच दिवशी स्क्रू काढून कडी उतरवली. मला म्हणाल्या, "सगळा जन्म बाहेर फिरलेला माणूस. कोंडला तर आजाराआधी तेच त्याला मारेल."

बटण आला तो याच सुमारास. आमच्या जिन्याखाली एक अर्धवट वाढलेलं, तांबूस, एक कान पडलेलं कुत्रं झोपायला येत असे. आम्ही त्याला हाकलत नव्हतो, जवळही करत नव्हतो. एके सकाळी मी खाली उतरते तर काका पायरीवर बसलेले, आणि त्यांच्या हातातलं बिस्किट ते कुत्रं खातंय. मी थबकलेच. काकूंना हाक मारली. त्या टेप गळ्यात तशाच घेऊन खाली आल्या आणि कठड्याला धरून बघत राहिल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "कुत्रा आहे तो."

"मग? मला दिसत नाही का?" काका म्हणाले. "चांगला आहे बिचारा."

आजाराने बरंच काही नेलं होतं, त्याबरोबर काकांची कुत्र्यांची भीतीही नेली होती. काकू मला नंतर म्हणाल्या, "काहीतरी बरं पण नेलं म्हणायचं." कुत्रं वर आलं. पहिल्याच दिवशी त्याने डबा उलटवून कोटाचं एक मोठं काळं बटण गिळलं, म्हणून त्याचं नाव बटण पडलं. ते बटण सुखरूप बाहेर पडेपर्यंत काकू त्याच्या मागे मागे फिरत होत्या.

काका बाहेर पडले की बटण त्यांच्या मागे जायचा. पण वाटेत दुसरं कुत्रं दिसलं, कचऱ्याची पेटी दिसली की काकांना सोडून तिकडे. काकूंच्या मनात तेव्हा विचार आला की हे कुत्रं नुसतं बरोबर न जाता काकांना परत घेऊन आलं तर? पण कुत्र्याला शिकवायचं कसं, हे त्यांना कुठे माहीत!

जवळच्या मैदानात रोज एक हवालदार फिरायला यायचे. पोलिसांच्या श्वानपथकात होते, आता निवृत्त. उंच, कोरडे, मिशीतल्या मिशीत बोलणारे. काकूंनी त्यांना गाठलं. त्यांनी बटणकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जात कुठली?"

"जिन्याखालची," काकू म्हणाल्या.

हवालदार पहिल्यांदा हसले. म्हणाले, "शिकेल. कुत्रा शिकतोच, वहिनी. आपण चुकीच्या वेळी शिकवतो." मग चालता चालता त्यांनी काकूंना सांगितलं ते काकूंनी मला आल्या आल्या सांगितलं, मशीनवर बसायच्या आधीच. तो भुकेने कासावीस असेल तेव्हा शिकवायचं नाही, आणि पोट भरून जांभया देत असेल तेव्हाही नाही. घाबरलेला असेल तेव्हा मुळीच नाही. थोडा दमलाय, पण अजून मजेत आहे, अशी वेळ धरायची. वेगळा तास लावून बसायची गरज नाही. दार उघडायच्या आधी, ताटली खाली ठेवायच्या आधी, रस्ता ओलांडायच्या आधी, रोजच्या कामातच जरा थांबायचं. त्याने बरोबर केलं की त्याच क्षणी शाबासकी द्यायची. दोन पावलं पुढे जाऊन दिली तर ती कशाची हे त्याला कळत नाही. आणि त्याला अजून हवं असतानाच आपण आटपायचं.

"आणि तुमचा मूड नसेल तर?" काकूंनी विचारलं होतं.

"तर शिवण करा," हवालदार म्हणाले होते.

खरी अडचण वेगळीच होती. काकूंना एकाच वेळी दोघांची वेळ सांभाळायची होती. पट्टा काकांच्या हातात राहायला हवा होता. काकांची बरी वेळ म्हणजे सकाळी चहा आणि दाढी झाल्यावरची. तेव्हा ते शांत असायचे, सांगितलेलं ऐकायचे, कधी कधी थट्टाही करायचे. दुपार झाली की बिथरायचे. म्हणून काकूंनी सकाळचं मशीन बंद केलं. गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, आता जे काय ते दुपारनंतर. कोटाच्या उरलेल्या मऊ अस्तराची दुहेरी पट्टी करून त्यांनी पट्ट्याच्या टोकाला एक फास शिवला, काकांच्या मनगटात अडकवायला. म्हणजे काकांनी विसरून मूठ सोडली तरी पट्टा सुटणार नव्हता.

शिकवायचा शब्द होता "घरी". सुरुवात दारातूनच. काका आणि बटण उंबऱ्याबाहेर उभे, काकू म्हणायच्या, "बटण, घरी." तो आत आला की लगेच "शहाणा!" आणि ॲप्रनच्या खिशातला टोस्टचा तुकडा. मग जिन्याच्या वळणावरून. मग खालच्या दारातून, मग कोपऱ्यावरच्या बेकरीपासून. रस्त्याच्या कडेला "थांब". गाडी असो नसो, थांबायचंच. जिन्यात रोज हे नाटक चालायचं आणि मजल्यावरचे सगळे त्याचे प्रेक्षक.

"एक ऐकतो तेव्हा दुसरा ऐकत नाही," काकू वैतागून म्हणायच्या. "आज बटण अगदी गुणी, तर आमचे हे वळणावर बसूनच राहिले. म्हणतात, मलाही टोस्ट दे."

"मग दिलात?"

"दिला की. तेही घरीच आले ना."

एकदा मात्र काकूंचा तोल सुटला. एका गिऱ्हाइकाला दुपारच्या गाडीने जायचं होतं, त्याचा कोट अर्धवट पडला होता, काका सकाळपासून हट्टाला पेटले होते, आणि बटण बेकरीपाशी काही केल्या हलेना. काकू रस्त्यात ओरडल्या, "घरी! घरी म्हणते ना!" आणि पट्ट्याला हिसका दिला. बटण पोट जमिनीला लावून आडवाच झाला. त्यानंतर कितीतरी दिवस "घरी" म्हटलं की तो मशीनखाली जाऊन बसायचा. हवालदारांना विचारलं तर ते म्हणाले, "तो शब्द आता त्याला रागाचा वाटतो. पुन्हा उंबऱ्यापासून चालू करा." काकूंनी पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात केली. त्या दिवसांत त्या मला म्हणाल्या होत्या, "मला ह्यांच्यावर ओरडायचं होतं गं. त्यांच्यावर ओरडता येत नाही, म्हणून त्याच्यावर ओरडले."

आणि एक दिवस ते जमलं. काकू पलीकडच्या फुटपाथवरून, काकांना दिसणार नाहीत अशा बेताने मागून चालत होत्या. मीही होते. काका चौकात थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती हरवल्याची कळा आली. ओठ हलायला लागले. मग त्यांनी खाली बटणकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, घरी जायचं ना आपण?" बटणने कान टवकारले, एक पडका आणि एक उभा. आणि वळला. पट्टा ताणला नाही, ओढलं नाही. काकांच्या चालीने चालत, रस्त्याच्या कडेला थांबत, बेकरीच्या दारात क्षणभर मान वळवून, तो त्यांना घेऊन जिन्यापर्यंत आला. काकू धावत पलीकडून आल्या, आणि रस्त्यातच खाली बसून त्यांनी त्याला छातीशी धरलं. "शहाणा, शहाणा माझा," एवढंच म्हणत राहिल्या. काका अवघडून म्हणाले, "अगं, लोक बघतायत."

त्यानंतर वर्षाहून जास्त काळ चांगला गेला. मी त्याला चांगलाच म्हणेन. काका रोज फिरून यायचे. रस्त्यावरची माणसं त्या जोडीला ओळखायला लागली. बेकरीवाला बटणसाठी जळका टोस्ट बाजूला ठेवायचा. काकू पुन्हा सकाळीही मशीनवर बसायला लागल्या, कान मात्र जिन्याकडे. चार पायांचा आवाज आणि त्यामागे चपलांचा आवाज आला की त्यांच्या खांद्यांचा ताण सैल झालेला मला माझ्या दारातून दिसायचा.

पण आजार थांबलेला नव्हता. अलीकडचं सगळं पुसून झाल्यावर काका मागे मागे जायला लागले. लेक मोठी झाल्याचं विसरले. निवृत्त झाल्याचं तर कधीच विसरले होते. एका संध्याकाळी मला आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी गेले, तर काका खुर्चीवर चढून भिंतीला पाठ लावून उभे होते. टेबलाखाली नेहमीच्या जागी बटण पडला होता, आणि काका त्याच्याकडे बोट दाखवून घसा फाटेस्तोवर ओरडत होते, "कुत्रा बांधा! मालक, कुत्रा बांधा!"

ज्या भीतीला आजाराने आधी नेलं होतं, तिच्यापाशीच आता तो काकांना घेऊन आला होता. मधली सगळी वर्षं गळून पडली, त्यात बटणही गळून पडला.

पहिल्यांदा काकूंना वाटलं, एखादा दिवस वाईट गेला. पण तसे दिवस वाढले. काकांनी त्याला काठीने मारलं. बटण कधी गुरगुरला नाही. उलट काका घाबरले, ओरडले, रडले की तो जवळ यायचा. हरवलेल्या काकांना घरी न्यायचं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं, आणि काका हरवलेत हे त्याला दिसत होतं. तो नाकाने त्यांचा हात शोधायचा. त्याने काका आणखी किंचाळायचे.

काकूंनी यावरही वेळ शोधून पाहिली. सकाळी काका शांत असताना बटणला लांबून दाखवायचं, मग जरा जवळून. "तुम्ही त्याला बिस्किट द्या ना," असं म्हणायचं. काही सकाळी ते जमायचंही. अशाच एका बऱ्या सकाळी ते दोघं बाहेर पडले. चौकात रस्त्याच्या कडेला बटण शिकवल्याप्रमाणे थांबला. काकांनी खाली पाहिलं, आणि त्यांना आपल्या हाताला एक परकं कुत्रं बांधलेलं दिसलं. ते पळाले. बटण जागचा हलला नाही, कारण "थांब" म्हणजे थांब. पट्टा ताणला गेला, मागून येणाऱ्या काकू धावत पोचेपर्यंत काका रस्त्यावर आपटले होते. मनगटाचं हाड मोडलं. ज्या हातात तो अस्तराचा मऊ फास होता, तोच हात.

"मीच शिवला होता," दवाखान्यातल्या बाकावर काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दुहेरी टीप घातली होती. सुटू नये म्हणून."

लेक आली. तिने बापाचा प्लास्टरमधला हात पाहिला, आईचे खोल गेलेले डोळे पाहिले, आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाली, "आई, आता हे दोघं एका घरात नाही राहू शकत. तू बाबांना तर बाहेर ठेवणार नाहीस. मग?"

"बटणचं काय चुकलं गं?" काकू म्हणाल्या.

"कुणाचंच नाही चुकलं. म्हणून तर इतके दिवस तू घालवलेस."

काकूंनी हवालदारांना विचारलं. हवालदार एकटेच राहत होते, मैदानापलीकडे, पुढे लहानशी पडवी असलेल्या घरात. ते फक्त म्हणाले, "आणा." मग म्हणाले, "तो जेवला, फिरला, शांत झाला की आणा. आणि वहिनी, पटकन निघून जा. मागे वळून हाक मारू नका." काकूंनी तसंच केलं. मी बरोबर होते. परत येताना त्यांनी रिकामा पट्टा हातात घेतला होता. रस्त्याच्या कडेला आल्यावर गाडी एकही नव्हती, तरी त्या थांबल्या.

घर शांत झालं. काका खुर्चीत बसून राहायला लागले. काकूंनी दारासमोर मशीन आणलं, म्हणजे ते उठले तर कळावं.

असेच काही महिने गेले असतील. एके दुपारी काकूंनी माझं दार ठोठावलं. श्वास लागलेला, चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "चल, ह्यांच्यापाशी बस जरा," त्या म्हणाल्या. मी गेले. काका सरळ बसले होते. मला बघून त्यांनी मला नावाने हाक मारली! म्हणाले, "ये, ये. बघ ना, हिने आमचा बटण देऊन टाकला. मला विचारलं सुद्धा नाही."

"अहो, तुम्हीच..." काकूंच्या तोंडी आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मी कशाला देईन?" काकांचे डोळे भरून आले होते. "मला घरी आणायचा तो. तू का दिलास गं त्याला?"

काकू म्हणाल्या, "आणते. आत्ता आणते." आणि पायात चपला न घालता जिना उतरल्या.

मी काकांच्या शेजारी बसले. त्यांनी तोंडात बोटं घालून शीळ घालून पाहिली, पण वारा नुसताच निघाला. मला त्यांनी विचारलं, त्याला खायला काही आहे का घरात. मी डब्यातला टोस्ट काढून दिला. तो त्यांनी नीट तुकडे करून मांडीवर मांडला. मी मनात म्हणत होते, काकू, लवकर या. मैदान पार करायचं, हवालदारांना उठवायचं, परत यायचं. काकांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खिडकीवर गेली. खिडकीवरून मशीनवर. मग मांडीवर गेली, आणि त्यांनी ते तुकडे असे झटकले की जणू कुणीतरी अंगावर केर टाकलाय.

"आकडा दिसत नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात जिन्यावर चार पाय वाजले. बटण दारातून आत झेपावला, त्याचं सगळं अंग शेपटीबरोबर हलत होतं. काका किंचाळले. खुर्चीसकट मागे सरकले, डोकं दोन्ही हातांत झाकून घेतलं. काकू दारात उभ्या होत्या, घामाने थबथबलेल्या, एका पायाला काच लागून रक्त येत होतं. त्यांनी बटणला मागे ओढलं नाही, काकांनाही काही सांगितलं नाही. फक्त पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "खाली ने त्याला." मी जिना उतरताना मागून काकूंचा आवाज येत होता, "बांधला हं. बांधलाय कुत्रा. घाबरू नका, बांधलाय."

नंतर बऱ्याच दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "दोन शब्द बसून बोलायला हवं होतं मी. बटण राहू दे, मीच बसायला हवं होतं त्यांच्यापाशी. ते परत आले होते, आणि मी धावत बाहेर गेले." मी म्हटलं, "काकू, त्यांनी बटणला मागितलं होतं." त्या म्हणाल्या, "हो ना. तेच तर."

त्यानंतर काका तसे परत कधी आले नाहीत. पडून राहिले, खाणं कमी झालं, थंडीच्या दिवसांत छाती भरली आणि एका सकाळी गेले. काकू त्यांचा हात धरून बसल्या होत्या. लेक आली, पंधरा-वीस दिवस राहिली, आईला बरोबर चल म्हणाली. काकू म्हणाल्या, "कामं घेऊन ठेवलीत लोकांची." लेकीने फार ताणलं नाही.

लेक गेल्यावर आठवड्याभराने काकू हवालदारांकडे गेल्या. बटणला परत न्यायला. हवालदारांनी एका शब्दाने आडकाठी केली नाही. त्याची ताटली धुऊन पुसून पिशवीत घालून दिली. बटणने काकूंना ओळखलं, नाचला, त्यांचं हात-तोंड चाटून काढलं. दोघं मैदानात खूप वेळ फिरली. तो जरा दमला, पण अजून मजेत होता, तेव्हा काकू मैदानाच्या टोकाला थांबल्या. इथून आमचं घर डावीकडे. त्यांनी पट्टा सैल सोडला आणि म्हणाल्या, "बटण, घरी."

बटण वळला आणि हवालदारांच्या घराकडे चालायला लागला.

काकू त्याच्यामागे गेल्या. ओढलं नाही, पुन्हा शब्द उच्चारला नाही. तो रस्त्याच्या कडेला थांबला, पडवीच्या पायऱ्या चढला आणि दारात बसून मागे वळून बघायला लागला. काकूंनी मला सांगितलं, "मला वाटलं होतं मी नुसती उभीच राहीन. पण तोंडातून आपोआप आलं, शहाणा. त्याच क्षणी. त्याने बरोबर केलं होतं ना."

हवालदार दारात आले. म्हणाले, "पुन्हा शिकवता येईल, वहिनी. उंबऱ्यापासून. तो काही म्हातारा झालेला नाही."

"नको," काकू म्हणाल्या. "एकदा मी त्याला घर दिलं, एकदा काढून घेतलं. आता राहू दे." आणि पिशवीतली ताटली काढून त्यांनी पडवीत ठेवली.

अधूनमधून जातात त्या तिकडे. हवालदार चहा करतात, बटण काकूंच्या पायावर हनुवटी टेकून पडतो. येताना एकट्या येतात. दुसरं पिल्लू आणून देऊ का, असं लेक फोनवर विचारते. काकू म्हणतात, बघू.

काकांचे कपडे त्यांनी उन्हाळा लागेपर्यंत काढले नव्हते. मग एके दिवशी मला बोलावून म्हणाल्या, खालचा नवा वॉचमन काकांच्याच अंगाचा आहे, त्याला विचार. तो वर आला. शर्ट घालून पाहिले. चांगले होते, काकूंनीच वेळोवेळी कॉलर उलटवून नीट ठेवलेले. त्याने हात पुढे करून दाखवला आणि संकोचून म्हणाला, "काकू, बाह्या जरा लांब होतायत. तेवढ्या कमी करून द्याल?"

काकूंनी टेप उचलला. त्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत लावला, खडू हातात घेतला. तो बाहीच्या कापडाला टेकवला. मग खडू डब्यावर ठेवून दिला.

"दुमडून घाला," त्या म्हणाल्या.